शेवटच्या रांगेला दिसते का?



शेतकऱ्याला शिकवायला निघालेल्यांची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. पाऊस दडी मारतो, प्रशिक्षणे दडी मारत नाहीत. खाते शिकवते, विद्यापीठ शिकवते, बियाण्याची आणि औषधाची कंपनी शिकवते, बँकसुद्धा शिकवते. मंडप तोच, चहा तोच, मागचा फ्लेक्सही पुष्कळदा तोच. फरक एवढाच पडला की पूर्वी साहेब आपल्याकडे तोंड करून बोलत, आता पडद्याकडे तोंड करून वाचतात.

त्या पडद्यावर असते काय? एका स्लाइडवर वीस-बावीस ओळी. अक्षर मुंगीएवढे. निम्मे शब्द इंग्रजी. पिवळ्यावर पांढरे, नाहीतर हिरव्यावर लाल. तीन कोपऱ्यांत बोधचिन्हे आणि चौथ्यात गरगर फिरणारे फूल. चाळीस मिनिटांत साठ स्लाइडी पळतात. मग साहेब विचारतात, काही शंका? कोणी बोलत नाही. हजेरीपत्रकावर सह्या होतात, फोटो निघतो, अहवालात 'उत्स्फूर्त प्रतिसाद' अशी नोंद पडते. आणि परतीच्या गाडीत वाक्य ठरलेले असते : यांना कितीही सांगा, कळतच नाही.

मी स्वतः शेती शाखेचा पदवीधर आहे. साहेबांच्या बाजूच्या खुर्चीवरही बसलो आहे आणि गेली काही वर्षे मंडपात सतरंजीवर बसतो आहे. माझे म्हणणे स्पष्ट आहे. हे 'न कळणे' शेतकऱ्याच्या डोक्यात नाही, त्या पडद्यावर आहे. जे शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाईला दिसले नाही ते शिकवलेच गेले नाही. मग सह्या कितीही असोत. चित्र, अक्षर, रंग, आकडा यांची मांडणी ही सजावट नव्हे. ती अवजाराची घडण आहे. पाभरीचा फण वाकडा असला तर आपण बैलाला दोष देत नाही.

कुणी म्हणेल, भावाचा प्रश्न पेटलेला, कापूस घरात पडलेला, आणि हे चित्रांचे काय काढले? तर ऐका.

सगळ्यात मोठी गोष्ट, सगळ्यात बारीक अक्षरात

१ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे कोलंबिया हे अवकाशयान परत येताना आकाशात फुटले. सात जण गेले. त्यांत आपल्या कर्नालची कल्पना चावला होती. १६ जानेवारीला यान उडाले तेव्हाच बाहेरच्या इंधनाच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. हे कॅमेऱ्यात दिसले होते. यान वर फिरत असतानाच खाली अभियंत्यांनी हिशेब केले आणि वरिष्ठांना स्लाइडी दाखवल्या.

त्यातली एक स्लाइड पुढे जगभर गाजली. मथळा असा की वाचणाऱ्याला वाटावे, चाचण्यांचे आकडे पाहता काळजीचे कारण नाही. त्याखाली ठिपक्या-ठिपक्यांच्या ओळी, एकीच्या पोटात दुसरी, प्रत्येक पायरीला अक्षर लहान होत गेलेले. आणि अगदी तळाला एक ओळ : पंखावर आदळलेला तुकडा १,९२० घनइंचांचा, ज्या चाचण्यांवर भरवसा ठेवला त्यांतला तुकडा ३ घनइंचांचा. म्हणजे ६४० पट. ज्वारीचा दाणा मारून काच फुटली नाही म्हणून धोंड्यानेही फुटणार नाही, असा हा हिशेब होता. आणि तो हिशेब चुकतो आहे हे सांगणारी ओळ स्लाइडच्या पायाशी लपली होती.

अपघात स्लाइडमुळे झाला असे नाही. पंख फोमने फोडला. पण येल विद्यापीठाचे एडवर्ड टफ्टी यांनी ती स्लाइड ओळीओळीने उलगडून दाखवली. ऑगस्ट २००३ मध्ये आलेल्या चौकशी मंडळाच्या अहवालात ती स्लाइड छापली आहे, आणि तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइडींवर काम भागवण्याच्या सवयीवर ठपकाही ठेवला आहे. एवढ्या शिकलेल्या माणसांच्या बैठकीत ती शेवटची ओळ जिथे पोचायला हवी होती तिथे पोचली नाही. मग टिनाच्या शेडमध्ये, भर दुपारी, फिकट पडलेल्या पडद्यावर ती आपल्यापर्यंत कशी पोचणार? आणि न पोचल्याचा दोष मात्र आपल्या अडाणीपणाला!

डब्यावरचा रंग

आता आपल्या घरातली गोष्ट. औषधाच्या प्रत्येक बाटलीवर एक चौकोन असतो, कोनावर उभा केलेला. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो, त्याला आपण त्रिकोण म्हणतो. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी हे रंग ठरवले. लाल म्हणजे सर्वांत जहाल. त्यानंतर पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा.

गावात दहा जणांना हा क्रम विचारून पाहा. लाल बहुतेक जण सांगतील. पिवळा निळ्यापेक्षा घातक, हे कुणी कशावरून ओळखावे? पिवळा आपल्याकडे हळदीचा रंग, लग्नाचा, भंडाऱ्याचा. हिरवा म्हणजे तर पीक, हिरवा म्हणजे चालू द्या. त्यामुळे हिरव्या त्रिकोणाचे औषध निर्धोक असा समज होतो. तसे मुळीच नाही. हिरवासुद्धा विषच आहे, फक्त लालपेक्षा सौम्य. आणि लाल त्रिकोण म्हटले की आपल्या वडिलांच्या पिढीला आठवते ते कुटुंबनियोजन! एकाच देशाने एकाच खुणेचे दोन अर्थ केले आणि दोन्ही खेड्यातल्या भिंतीवर रंगवले. रंगाला स्वतःचा अर्थ नसतो, तो शिकवावा लागतो. शिकवायचा तर चारही बाटल्या एका ओळीत, जहाल ते सौम्य, मोठ्या आकारात आणि दर वेळी त्याच क्रमाने दाखवल्या पाहिजेत. आपल्या पुरुषांतल्या काहींना लाल आणि हिरवा यांतला फरक जन्मापासूनच दिसत नाही. म्हणून रंगाजवळ शब्दही हवा. आमचे तज्ज्ञ काय करतात? एका स्लाइडच्या कोपऱ्यात नखाएवढे चार त्रिकोण टाकतात आणि पुढे सरकतात.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. त्याची कारणे अनेक होती. डोक्याच्या वर वाढलेली पऱ्हाटी, उन्हाची काहिली, दोन-तीन औषधांची मिसळ, अंगावर संरक्षण नाही. बाटलीसोबतच्या घडीच्या कागदाला मी एकट्याला जबाबदार धरत नाही. पण तो कागद काढून पाहा. दोन-तीन भाषा, दोन्ही बाजू भरलेल्या, अक्षर असे की भिंगाशिवाय लागत नाही. विषबाधा झाल्यास काय करावे हे त्यात लिहिलेले असते. म्हणजे कायदा पाळला गेला. फवारणारा मजूर ते वाचू शकतो का, हे कायद्याने विचारलेच नाही.

एक टिंब पुसले की दहापट

आकड्यांचे तर विचारूच नका. पडद्यावर लिहिलेले असते, १० लिटर पाण्यात २० मिलि. आपल्या पाठीवरचा पंप १५ लिटरचा, कुणाचा १६ चा. म्हणजे त्रैराशिक शेतकऱ्याने बांधावर करायचे, तोंडाला फडके बांधून. मोजायला हाताशी काय, तर बाटलीचे टोपण, आणि ते किती मिलिचे हे कुणी सांगितलेले नाही. त्यापेक्षा पंपाचे चित्र काढा, त्यावर १५ लिटर लिहा, शेजारी मापाचे चित्र काढून ३० मिलिच्या रेघेपर्यंत रंगवा. पॉवर पंपाचा तक्ता वेगळा करा. दोन्ही एका स्लाइडवर कोंबू नका, घोटाळा हमखास होतो.

खरीप ज्वारीला हेक्टरी ८०:४०:४०, ही शिफारस आम्ही कॉलेजात पाठ केली. शेतकरी हेक्टरात पेरत नाही आणि नत्र पिशवीत मिळत नाही, युरिया मिळतो. अडीच एकरांचा एक हेक्टर, म्हणजे एकरी ३२ किलो नत्र. युरियात ४६ टक्के नत्र. सगळे नत्र युरियातूनच द्यायचे म्हटले तर एकरी साधारण ७० किलो युरिया, म्हणजे ४५ किलोच्या दीड पिशवीला थोडे वर. त्यातले अर्धे पेरताना, अर्धे महिन्याभराने. मिश्रखत टाकले असेल तर त्यातले नत्र वजा. हा हिशेब साहेबांनी घरी करून यायचा आणि पडद्यावर पिशवीच काढायची. तीन आकडे आणि दोन टिंबे दाखवून शेतकऱ्याला काहीही सांगितले जात नाही.

आणखी एक धोका बारीक दिसतो पण जीवघेणा आहे. २.५ मिलि असे लिहिले आणि लांबून टिंब दिसले नाही तर ते २५ झाले. दहापट! आपल्या भाषेत दीड, अडीच, पाऊण, सव्वा असे नेटके शब्द आहेत. सरळ 'अडीच मिलि' लिहा ना. बारीक वळणाच्या अक्षरात देवनागरीतला १ आणि ९ लांबून सारखेच वाटतात, अनुस्वार आणि मात्रा उडतात. त्यातून एका संगणकावर केलेली स्लाइड दुसऱ्यावर उघडली की वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. मराठीला खालीवर मात्रा असतात, तिला दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते, एवढेही भान ठेवले जात नाही.

मोठी अळी, उंच खांब

एक जुना किस्सा विस्तार कार्यकर्त्यांत सांगतात. गावात हिवतापाचे चित्र दाखवले, डास कोंबडीएवढा. गावकरी म्हणाले, आमच्याकडे एवढे मोठे डासच नाहीत, आम्हाला भीती नाही. यावर साहेबलोक हसतात. मला त्यात गावकरी शहाणे दिसतात. जे दाखवले ते त्यांनी नीट पाहिले.

गुलाबी बोंडअळीचे तेच झाले. पडद्यावर हातभर लांब, गुलाबी, गलेलठ्ठ अळी. खरी पूर्ण वाढलेली अळी जेमतेम अर्धा इंच. आणि लहानपणी ती गुलाबी नसतेच, पांढुरकी असते, डोके तेवढे काळसर. गुलाबी दिसेपर्यंत तिने आतली सरकी खाल्लेली असते. मग शेतकरी बोंड फोडतो, पांढरी अळी पाहतो आणि म्हणतो, ही ती नव्हे. चित्रात अळीशेजारी आगकाडी ठेवली असती आणि लहान-मोठ्या दोन्ही अळ्या दाखवल्या असत्या, तर हा घोळ झाला नसता.

ही झाली अजाणता होणारी चूक. जाणूनबुजून होणारीही असते. समजा एका वाणाचा उतारा एकरी पाच क्विंटल आणि दुसऱ्याचा साडेपाच. आलेखाचा खांब शून्यापासून उभा केला तर दोन्ही जवळपास सारखे दिसतील. पण खांब साडेचारपासून सुरू केला की दुसरा पहिल्याच्या दुप्पट उंच दिसतो. आकडा खरा, चित्र खोटे. तेव्हा खांब दिसला की आधी विचारा, हा सुरू कुठून होतो? आणि हिरवेगार शेत दिसले की विचारा, याला पाणी किती दिले? ठिबकावरची पऱ्हाटी दाखवून कोरडवाहूला बियाणे विकणे हा धंदा झाला, त्याला प्रशिक्षण म्हणायची गरज नाही.

मोबाइलवरचे वर्ग

२०२० च्या टाळेबंदीत प्रशिक्षणे मोबाइलवर गेली आणि तिथे मुक्कामाला राहिली. गावोगाव जाण्याचा खर्च वाचतो, घरबसल्या पाहता येते, पुन्हा लावता येते. मी याच्या विरोधात नाही. पण भिंतीवरच्या पडद्यासाठी केलेली स्लाइड तळहातावरच्या काचेवर आली की मुंगीची वाळवी होते. शेतात उन्हात तर काळ्या पाटीवरचे निळे अक्षर दिसतच नाही. तासाभराचे व्याख्यान, अडकत-अडकत, रोजचा डेटा संपेपर्यंत. आणि कित्येक घरांत चांगला मोबाइल एकच, तो घरधन्याच्या खिशात. निंदणी, वेचणी करणारी बाई या वर्गाला कधी बसणार? वर्ग संपला की पाच प्रश्न, उत्तर चुकले तरी पुन्हा दाबता येते, आणि रंगीत प्रमाणपत्र. बटण दाबता आले, एवढेच त्यातून सिद्ध होते.

कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी चित्र आणि शब्द यांतून माणूस कसा शिकतो यावर पुष्कळ वर्षे प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष आपल्या आजीला आधीच माहीत असावेत असे आहेत. चित्र दाखवताना तोंडाने सांगा, तेच शब्द पुन्हा पडद्यावर लिहून वाचू नका. भागाचे नाव त्या भागाशेजारीच लिहा, दूर खाली यादीत नको. ज्याचा विषयाशी संबंध नाही ते काढून टाका, फिरणारे फूल धरून. बंगळूरला २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधन संस्थेत सुरू झालेल्या 'डिजिटल ग्रीन' या प्रयोगाने दुसरी गोष्ट केली. जवळपासच्या गावच्या शेतकऱ्याचेच, त्याच्याच शेतातले छोटे चित्रण करायचे, आणि ते गावातल्या कुणीतरी थांबवत-थांबवत, प्रश्न विचारत दाखवायचे. पडदा होता, पण पडद्याशेजारी माणूसही होता.

आपल्याकडे हे काही नवे नव्हते. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथले ठाकर समाजाचे चित्रकथी एका वेळी एकच चित्र लोकांसमोर धरतात, त्याची कथा गाऊन सांगतात, मग पुढचे चित्र. चित्रावर मजकुराच्या ओळी नाहीत. लोक चित्र बघतात आणि माणूस ऐकतात. आणि १९५१-५२ ची पहिली निवडणूक आठवा. सतरा कोटींवर मतदार, त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर चिन्ह. बैलजोडी, झोपडी, दिवा. काळ्या रेघांची साधी चित्रे, एकासारखे दुसरे दिसणार नाही अशी, लहान छापली तरी ओळखू येणारी. मत मागायचे होते तेव्हा निरक्षराला कळेल असे चित्र या देशाला काढता आले. विषाची बाटली विकताना मात्र ते जमत नाही, यावर मी विश्वास ठेवायला तयार नाही.

आपण काय करायचे

एक तर गप्प बसणे सोडायचे. पुढच्या प्रशिक्षणात शेवटच्या रांगेतून हात वर करून सांगा, साहेब, दिसत नाही. मोठे करा, नाहीतर पडदा बंद करून तोंडाने सांगा. हा उद्धटपणा नाही. त्या कार्यक्रमाचा खर्च आपल्या नावावर पडलेला असतो. दिसले नाही तर सही करू नका.

आणि आपल्या बैठकांना आपणच नियम लावू. आपले कार्यकर्तेही हल्ली स्लाइडींच्या मोहात पडले आहेत, तालुक्याच्या बैठकीत साठ-साठ दाखवतात आणि वीज गेली की गप्प होतात. त्याऐवजी कागदाचे तक्ते करू. सुरुवात बोंडअळीपासून. एका तक्त्यावर फक्त डोमकळी, खऱ्या फुलाच्या आकारात, शेजारी नीट उमललेले फूल. दुसऱ्यावर कामगंध सापळा, तीन रात्रींचे तीन चौकोन आणि प्रत्येकात आठ पतंग. एकरी दोन सापळे लावून सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले तर फवारणीची वेळ आली. तिसऱ्यावर वीस हिरवी बोंडे, त्यांतली दोन फोडलेली, आत अळी, एकीत पांढरी आणि एकीत गुलाबी. वेगवेगळ्या झाडांची वीस बोंडे फोडून दोन किडलेली निघाली तरी तेच. तीन तक्ते, प्रत्येकावर एक ओळ, तीही मराठीत. दहा टक्के, आर्थिक नुकसानीची पातळी वगैरे शब्द विद्यापीठात राहू द्या.

येत्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने हे तीन तक्ते करून आणावेत. ड्रॉइंगचा पांढरा कागद आणि जाड काळे मार्कर पुरे. गावातल्या शाळेच्या चित्रकलेच्या गुरुजींना सोबत घ्या, आकडे मात्र शेतीच्या जाणकाराकडून तपासून घ्या. तक्ते मंडपाच्या तोंडाशी टांगू. शेवटच्या रांगेत ज्यांनी ते आधी पाहिलेले नाहीत अशांना बसवू, आणि कोणी काही समजावून न सांगता त्यांना विचारू की यावरून उद्या शेतात काय करायचे. ज्या तक्त्यावरून सांगता येणार नाही तो तिथेच फाडायचा आणि जेवणाच्या सुट्टीत नवा काढायचा. कागद दोन-चार जास्त आणा.